बदाम आणू का?

मी एक जुनी, कोपरा फाटलेली आणि अजूनही रागावलेली दश्शी आहे. बदामची. पत्त्यांच्या कॅटातली. मित्रांनो, आपली जीवनकहाणी सांगणारे बाकीचे सगळे किती गोड बोलतात! छत्री म्हणते, मी भिजले पण तुम्हांला भिजू दिलं नाही. चप्पल म्हणते, मी झिजले पण तुम्हांला टोचू दिलं नाही. माझ्याकडून तसलं काही ऐकायला मिळणार नाही, आधीच सांगते. मला राग आलाय, आणि इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही.

पहिला राग नावाचा. माझ्या अंगावर दहा बदाम आहेत, लालबुंद, टपोरे. राजाच्या कोपऱ्यात बघा, दोनच! तरी मेंढीकोट खेळताना मला म्हणतात काय? मेंढी! चार रंगांच्या चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या, आणि ज्यांनी जास्त मेंढ्या पकडल्या ते जिंकले. एक्का येतो नि मला उचलून नेतो. राजा नेतो, राणी नेते, अहो गुलामसुद्धा मिशा पिळत येतो आणि नेतो. मग नेणारा मांडीवर थाप मारून ओरडतो, "मेंढी मारली!" मला कुणी विचारलं का, बाई, तुला मेंढी म्हटलेलं चालतं का?

माझा जन्म कुठल्या छापखान्यात झाला ते मला आठवत नाही. एका मोठ्या कागदावर आम्ही बावन्न जणी-जण आणि दोन जोकर शेजारी शेजारी छापले गेलो, कापले गेलो, खोक्यात बसलो. डोळे उघडले ते लातूरच्या गंजगोलाईत, एका हातगाडीवर. ते दिवस लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हाचे. गावोगावची माणसं नुसती गंमत बघायला आली होती. त्यांतच देवणीच्या अलीकडच्या एका लहान गावातले किशनराव होते. गावाचं नाव सांगत नाही, उगीच भांडण नको. त्यांनी मला विकत घेतलं, म्हणजे आम्हां सगळ्यांना, आणि घरी नेलं.

घरी त्यांची आई केवळाबाई दारातच उभी होती.

"चाळण सांगितली हुती," ती म्हणाली.

"जिल्हा झालाय माय," किशनराव म्हणाले, "आज कोण चाळण घेतं!"

"मग आता जिल्ह्यानं पीठ चाळू का?"

अशी केवळाबाई! मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. पण पुढचे काही महिने मी पुरुषांच्या हातात होते, आणि ते मी विसरू शकत नाही. अंगठ्याला थुंकी लावून पानं ओढायचे! तंबाखूची थुंकी! तुम्ही कधी पत्ते खेळलात ना, तर हात कोरडे ठेवा. एवढी तरी लाज बाळगा.

पुढच्या उन्हाळ्यात गावात पाण्याचा ठणठणाट झाला. पाऊस आदल्या वर्षीच रुसला होता. शेतात काम नाही म्हणून किशनराव नांदेडकडं विष्णुपुरीच्या धरणावर मजुरीला गेले. तिकडं ते पाणी अडवायला दगड उचलत होते आणि इकडं त्यांच्या आईच्या रांजणात पाली फिरत होत्या. गावचा आड आटला. मग टँकर येऊ लागला. पण तो सकाळी येईल की उन्हं कलल्यावर, ते कुणालाच माहीत नसायचं. बायका आडाजवळ घागरी मांडून दिवसभर बसायच्या. आणि टँकर आला की काय व्हायचं? घागरीवर घागर, हातात झिंज्या, कळशीला पोचे! आधीच्या घागरी भरायच्या आणि शेवटच्यांना गढूळ तळ मिळायचा, तोही कधी मिळायचा कधी नाही. वरची गल्ली म्हणायची आम्ही आधी, खालची गल्ली म्हणायची आम्ही.

एक दिवस केवळाबाई आम्हांला घेऊन आली आणि आडाच्या कट्ट्यावर तिनं पोतं अंथरलं.

"भांडून पानी वाढतंय का? न्हाई. मग खेळा. वरच्या गल्लीच्या दोघी, खालच्या गल्लीच्या दोघी. जी गल्ली जितंल तिच्या घागरी आधी."

बायका हसल्या. पण बसल्या! आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कोरडे, स्वच्छ, बांगड्यांचे हात मिळाले.

वरच्या गल्लीकडून नीलाबाई खेळायची. तिचे यजमान मलप्पा, गावातलं एकुलतं एक किराणा दुकान त्यांचं. तिची भिडू तिची जाऊ सिद्धम्मा, जी डाव चालू असताना पेंगायची. खालच्या गल्लीकडून सिंधू आणि महादेवी, दोघी एकाच वर्गातल्या, शाळेला सुट्टी लागलेली. सिंधू म्हणजे दगडोबाची मुलगी. मोठ्यानं हसायची, मोठ्यानं बोलायची, आणि मला हातात घेतलं की माझ्याशी सुद्धा बोलायची. "ये माय मेंढे, आज पळू नको हां."

तिनं मेंढी म्हटलेलं मला चालायचं. का ते विचारू नका.

केवळाबाई स्वतः खेळायची नाही. ती निवाडा करायची, आणि तिचा कायदा पक्का होता. खाली ठेवलेलं पान परत उचलायचं नाही. भिडूला डोळा मारायचा नाही, नाक खाजवायचं नाही, खोकायचं नाही. ("खोकला आला तर?" महादेवीनं विचारलं. "तर डाव संपंस्तोर गिळ," केवळाबाई म्हणाली.) हातातून पडून उघडं झालेलं पान उघडंच राहील, सगळ्यांना दिसेल असं, आणि संधी येताच आधी तेच खेळावं लागेल. ज्या पानावर खूण झाली ते कॅटातून बाद. मागं उभं राहणाऱ्यानं पानांवर बोलायचं नाही. आणि दाबलेला हुकूम वेळेआधी ज्यानं उघडला त्याचा डाव गेला.

हुकूम म्हणजे काय, ते न खेळणाऱ्यांना सांगते. ज्याची पाळी असेल तो हातातलं एक पान निवडतो आणि पालथं घालून दाबून ठेवतो. त्या पानाचा जो रंग तो त्या डावात सगळ्यांवर भारी. पण तो कोणता, हे दाबणाऱ्यालाच ठाऊक. खेळता खेळता एखाद्याकडं मागितलेला रंग नसला की तो म्हणतो, "हुकूम उघडा," आणि तेव्हाच ते पान उलथायचं. त्याआधी नाही. त्या पालथ्या पानातच सगळी गंमत असते. ते झाकलेलं आहे म्हणून खेळ आहे!

आता खरी गोष्ट. पत्त्याचं तोंड ज्यानं हातात धरलंय त्याच्याकडं असतं. बरोबर? म्हणजे धरणाऱ्याच्या पाठीमागं कोण उभं आहे, हे सगळ्यांत आधी आम्हांला दिसतं. सिंधूच्या पाठीमागं मला रोज कोण दिसायचं? मलप्पा. कपाळावर भस्माचे पट्टे, हात मागं बांधलेले, नजर सरळ माझ्यावर. सिंधूनं मला निवडलं, पालथं घालून दाबलं की एक क्षण थांबायचे आणि बायकोला हाक द्यायचे,

"नीला, उदगीरहून बदाम आणू का गं?"

आणि नीलाबाई लगेच बदाम खेळायला लागायची. एक्का, राजा, एकावर एक. सिंधूच्या आणि महादेवीच्या हातातले बदाम निथळून घ्यायची, म्हणजे हुकूम उघडेपर्यंत त्यांच्याकडं हुकुमाचं पान उरायचंच नाही.

तुम्हांला वाटेल योगायोग. मलाही पहिल्या दिवशी वाटलं. पण दुसऱ्या दिवशी सिंधूनं चौकट दाबली आणि मलप्पा म्हणाले, "आपल्या दाराची चौकट लई हलून राहिली." मग एकदा किलवर दाबलं तर, "दुकानाची किल्ली कुटं ठिवलीस?" आणि इस्पिक दाबलं तेव्हा तर हद्द झाली. भर उन्हात, चारचौघी बायकांत हा माणूस मोठ्यानं म्हणतो, "इसबगोल संपलं की गं!"

मी आतून ओरडत होते! अगं सिंधू, मागं बघ! मागं! पण दहा बदाम असून उपयोग काय, तोंड एकही नाही. आणि पोतं उन्हानं तापलेलं, त्यावर मी पालथी, वर केवळाबाईचा कायदा की आपणहून उघडं पडायचं नाही. इतका राग मला कधीच आला नव्हता.

खालची गल्ली रोज हरू लागली. रोज शेवटची. सिंधूच्या घरी एक देवणी गाय होती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, नाव बांडी. ती गाभण होती. घरच्यांना प्यायला कसंबसं पुरायचं, बांडीला भांड्यांचं धुणवण. तिच्या फासळ्या दिसायला लागल्या. दगडोबा रोज संध्याकाळी आडाजवळ येऊन लेकीची घागर वाकून बघायचे आणि परत जायचे. शेवटी एक दिवस बोलले.

"ह्या बाजाराला बांडीला उदगीरला नेतो."

"आबा, न्हाई! मी जिंकते की, उद्या जिंकते."

"ती पत्त्यावर जगंल का पोरी? डोळ्यांदेखत तहानेनं मराया लागली तर माझ्यानं बघवायचं न्हाई. ज्याच्या हिरीला पानी हाय त्याच्या दावणीला तरी जगंल."

दुसऱ्या दिवशी खेळताना सिंधूच्या हातांना घाम फुटला होता. पानं निसटत होती. आणि मी निसटले. पोत्यावर पडले, तोंड वर.

"दाखवली! भिडूला मेंढी दाखवली!" नीलाबाई उठून उभी राहिली. "शाळंत हेच शिकवून राहिलेत का?"

"पडली काकू, देवाशप्पथ पडली!"

केवळाबाईनं हात वर केला. "पडली. म्या बघितलं. पन उघडी ती उघडी. राहू दे तशीच."

राहिले तशीच. सूर्य डोळ्यात, सगळ्या बायकांची नजर अंगावर. सिद्धम्मा जागी झाली, तिनं आपल्या पानांकडं बघितलं आणि चाचरत म्हणाली, "मी काय करू बाई, माझ्याकडं एक्काच हाय." आणि मला घेऊन गेली. मेंढी मारली! हातातून घसरलेलं पान चारचौघांत उघडं करून ठेवायचं आणि चोरून बघणारे दोन डोळे मात्र सावलीत उभे! सांगा, हा कुठला न्याय? सिंधूनं मात्र तक्रार केली नाही. कायदा तो कायदा, म्हणाली, आणि ओढणीनं डोळे पुसले. खालच्या गल्लीतल्या बायका तिच्याशी बोलल्या नाहीत. बाजार आता दोन दिवसांवर आला होता.

त्या संध्याकाळी केवळाबाईनं कॅट तिच्या हातात दिला. "पानं घामानं चिकटून राहिलीत. मलप्पाच्या दुकानातून जरा पावडर आन आनि पुसून ठिव."

सिंधू आम्हांला मुठीत घेऊन दुकानात गेली. पावडर घेतली. निघताना, का कुणास ठाऊक, कदाचित रोज ऐकून ऐकून तोंडात बसलं असेल, तिनं विचारलं,

"काका, बदाम हायेत का?"

मलप्पा इतके हसले की तागडी हलली. "बदाम? दुष्काळात? अगं पोरी, पोळ्यापासून ह्या दुकानात बदाम आला न्हाई. कोन खातंय? गूळ ने गूळ!"

सिंधू हसली नाही. तिची मूठ घट्ट झाली. इतकी घट्ट की आम्ही सगळे एकमेकांना चिकटलो. बाहेर आल्यावर ती चालेनाच. मग पुटपुटली, "बदाम. चौकट. किल्ली..." आणि शेवटी, "इसबगोल! अरे देवा, इसबगोल!"

शाब्बास माझी बाई! मला तेव्हा नाचावंसं वाटलं.

दुसरा दिवस. उद्या बाजार. पाळी सिंधूची. पानं वाटली गेली आणि तिच्या हातात बदामच बदाम. एक्का, राजा, गुलाम, मी. नीलाबाईला आज माहीत असो की नसो, आज हरणं अवघड होतं! आज जिंकली असती तर खालच्या गल्लीला पहिलं पाणी, बांडीला भरली घागर, आणि दगडोबाला दावं सोडायचं कारण उरलं नसतं. तिनं मला पालथं घातलं, दाबलं. मागं मलप्पा.

"नीला, उद्या उदगीरला चाललो. बदाम आणू का गं?"

नीलाबाईचा हात पानाकडं गेला. आणि सिंधूनं मला उलथलं.

सरळ. सगळ्यांसमोर. तोंड वर.

"हुकूम बदाम," ती म्हणाली. "बगा समद्यांनी."

"सिंधे! येडी का खुळी तू! डाव गेला की!" महादेवी किंचाळली. खालच्या गल्लीतल्या बायका उठल्या. कुणी म्हणालं, पोरीच्या हाती पानी दिलं की असंच होतंय.

"जाऊ द्या डाव." सिंधूचा आवाज खाली येत नव्हता. "मलप्पाकाका, काल तुमच्या दुकानात बदाम न्हवते. पोळ्यापासून न्हाईत, तुमीच म्हनलात. मग काकूला रोज कामून इचारता? तुमची चौकट हलती तवा हुकूम चौकट. किल्ली हरवती तवा किलवर. आनि इसबगोल संपतं तवा इस्पिक! तुमच्या घरात काय पोटं दुखून राहिलीत का हुकूम दुखून राहिलाय?"

आडाजवळच्या सगळ्या माना मलप्पांकडं वळल्या. मग कोण हसलं असेल? सिद्धम्मा! नीलाबाईची स्वतःची भिडू!

"अगं बया! म्हणून जिंकून राहिलो व्हय आपन! मला वाटलं मी चांगली खेळून राहिले!"

मलप्पा पुढं आले, "पोर खोटं बोलून राहिली," म्हणत त्यांनी मला झाकायला हात घातला. सिंधूनं दुसरीकडून धरलं. ओढाताण झाली आणि माझा कोपरा फाटला. दुखलं. पण मी तोंड वरच ठेवलं, हां!

आणि आता ऐका मला सर्वांत जास्त राग कशाचा आला ते. मलप्पांचा नाही. नीलाबाईचाही नाही. खालच्या गल्लीतली एक बाई हळूच शेजारणीला म्हणाली, "मला तर पहिल्या दिशीच कळलं हुतं." शेजारीण म्हणाली, "मला बी." आणखी एक म्हणाली, "दुकान एकच हाय ना बाई, कोन बोलंल?"

कळलं होतं! पहिल्या दिवशी! मग तोंड कुठं ठेवलं होतं, रिकाम्या घागरीत? मला मेंढी म्हणता! मेंढ्या कोण होत्या त्या आडाभोवती, मी का तुम्ही?

केवळाबाईनं पोतं झटकलं. "सिंधीनं हुकूम आदी उघडला. तिचा डाव गेला." कुणीतरी विचारलं, मग मागून बोलणाऱ्याचा? "त्याचा तर कवाच गेलाय. त्यानं नुसता उघडला न्हाई, इकला." मग ती नीलाबाईकडं बघून म्हणाली, "आज तुमच्या घागरी आदी. कायदा हाय. उद्या खालच्या गल्लीच्या आदी. परवा पुन्ना तुमच्या. आजपासून पान्यासाठी पत्ते बंद. माझंच चुकलं, तहान काय पिसून वाटायची असती व्हय?"

नीलाबाईनं मान वर केली नाही. पण पाणी भरायला उठली तेव्हा नवऱ्याला एवढंच म्हणाली, "जावा दुकानात. बदाम मोजत बसा."

केवळाबाईनं मला उचललं, फाटका कोपरा बघितला. "खूण झाली. कॅटात चालत न्हाई." आणि मला सिंधूच्या हातात दिलं.

मित्रांनो, असं बघा. चोरून बघणाऱ्याचं काहीच फाटलं नाही. खरं उघडं करताना फाटले मी, आणि बादही मीच. माझ्या जागी कुणाला बसवलं असेल? जोकरला! त्याच्या टोपीवर लाल शाईनं दहा बदाम काढले आणि म्हणाले, ही घ्या दश्शी. जोकर!

त्या दिवशी सिंधूच्या घागरीत तळाचं पाणी आलं. दगडोबा आले, वाकून बघितलं. मी तिच्या मुठीत होते.

"जिंकायचा डाव हुता म्हनं तुझा," ते म्हणाले.

"हाव."

"मग उघडलास कशाला?"

"तसाच जिंकले असते तर उद्या पुन्ना त्यांनी मागून बघितलं असतं, आबा. मी रोज किती झाकू?"

दगडोबांनी घागर उचलून खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "उद्या आपली गल्ली आदी ना?"

"आदी."

"मग ह्या बाजाराला र्‍हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी टँकर आला तेव्हा बांडीनं घमेल्यात ओतलेल्या पाण्यात थोबाड घातलं ते घमेलं रिकामं होईपर्यंत वर काढलं नाही. पाऊस पडल्यावर ती व्याली. कालवड झाली, आईसारखीच ठिपक्याठिपक्यांची. सिंधूनं तिचं नाव ठेवलं दश्शी. म्हणजे शेवटी माझं नाव एका गाईला मिळालं. मेंढीपेक्षा शंभर पटींनी बरं!

आता सिंधू लातूरच्या एका शाळेत शिकवते. मी तिच्या टेबलावर काचेखाली आहे, तोंड वर. तिच्या मागं कोण उभं आहे ते मला आजही तिच्याआधी दिसतं. परीक्षेच्या वेळी एखादं पोरगं शेजारच्या पेपरात मान लांबवतं, तेव्हा ती नजर वर न उचलता विचारते, "काय रे, बदाम आणू का?" मुलांना अर्थ माहीत नाही, पण मान बरोबर मागं जाते.

तुम्हांला मात्र आता अर्थ माहीत झालाय. तेव्हा ऐका. पत्ते खेळा, जरूर खेळा, कोरड्या हातांनी खेळा, आमचे कोपरे दुमडू नका. कुणाच्या मागं उभं राहून बघू नका. बघायचं असेल तर समोर बसा आणि आपली पानं हातात घ्या. आणि कुणी मागून बदाम विकत असलेलं तुम्हांला पहिल्या दिवशी कळलं, तर पहिल्याच दिवशी बोला. तोंड आहे ना तुम्हांला? मला नव्हतं, म्हणून एका पोरीला आपला जिंकलेला डाव मोडावा लागला.